आमची वस्ती, त्यांचं पडीक

"बसा मॅडम. इथं मेंढरं मोजायची नाहीत."

आमचे विभागप्रमुख सर हे माईकवर बोलले. माईक चालू होता. कॉलेजचा हॉल भरलेला. आधी पुढची रांग हसली. मग मागची. मागच्यांना काय झालं ते कळलंही नव्हतं. पुढचे हसले म्हणून तेही हसले.

आणि बसा म्हणाले, पण मला खुर्ची कुठं होती? मी भिंतीकडेला उभी होते. हातात पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे.

त्या कार्यशाळेत मीसुद्धा शिकायला आले होते. रीतसर नोंदणी केलेली. गळ्यात नावाची पट्टी. पण मी तासिका तत्त्वावर शिकवणारी. म्हणजे दर जूनला घेतलं तर घेतलं, नाहीतर घरी. त्यात बाई. त्यात धनगराची. म्हणून सकाळी दारातली रांगोळी मी काढली. पाहुण्यांच्या शाल-नारळाचं तबक मी धरलं. माझ्यासारखेच तासिकेवर असलेले एक सर होते, ते खुर्चीवर बसून वहीत लिहीत होते. त्यांच्या हातात कुणी ट्रे दिला नाही.

कार्यशाळा समाजशास्त्र विभागाची होती. विषय नकाशांचा. उपग्रहानं काढलेली चित्रं, मोबाईलवर धरलेली ठिकाणं, लोकांची माहिती, हे सगळं कंप्युटरवर एकावर एक ठेवून बघायचं. जीआयएस म्हणतात त्याला. समाजशास्त्रात हे आलं पाहिजे, असं शहरातून आलेले तज्ज्ञ सर सांगत होते. चांगलं सांगत होते. मी ट्रे घेऊन उभी राहून ऐकत होते.

मग पडद्यावर आमचा तालुका आला. हिरवा रंग म्हणजे पीक. निळा म्हणजे पाणी. लाल म्हणजे गावठाण, घरं. पिवळा म्हणजे पडीक. मी त्यात माझं गाव शोधलं. झरी गावाच्या पुढं, ओढा वळतो तिथं. सापडलं. मग ओढ्याच्या अलीकडं माझी वस्ती शोधली.

पिवळं.

एकेचाळीस घरं. बिरोबाचं देऊळ. दोन खोल्यांची शाळा. आड. मेंढरांचे वाडगे. माझ्या मायची चूल. सगळं पिवळं. तिथं कुणी नाही असं त्या पडद्यावर लिहिलेलं, आणि तिथं जन्मलेली मी पाणी वाटत उभी.

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तितं पडीक न्हाई. तितं आमची वस्ती हाय."

कॉलेजात मी असं बोलत नाही. 'आहे' आणि 'नाही' म्हणायला शिकण्यात माझी कितीतरी वर्षं गेलीत. त्या दिवशी आतलं बाहेर आलं. त्यावर विभागप्रमुख सर ते मेंढरांचं वाक्य बोलले.

चहाच्या वेळेला तज्ज्ञ सर माझ्याजवळ आले. आजूबाजूला कुणी नाही हे बघून आले.

"तुमचं बरोबर होतं मॅडम," ते हळूच म्हणाले. "कंप्युटर नुसता रंग ओळखतो. मेंढरांच्या खुरांनी जमीन उघडी पडते. छपरं मातीच्या रंगाची. वरून ते पडीकच दिसणार. म्हणून तर प्रत्यक्ष जाऊन पडताळणी करायची असते."

"मग हे माईकवर का नाही बोललात?"

त्यांनी कपातला चहा उगाच हलवला. "कार्यक्रम तुमच्या सरांचा होता."

शिकलेला माणूस. त्याला माहीत होतं. आणि तो गप्प बसला. हसणाऱ्यांपेक्षा मला त्याचा राग जास्त आला. हसणाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

ते हसणं मी आधी ऐकलं होतं. चौथीत असताना. गावातल्या मोठ्या शाळेत मला घातलं होतं. भूगोलाचा तास चालू होता. खिडकीतून गुरुजींना मैदान दिसायचं. मैदानात मेंढरं शिरली. माझ्या बाची मेंढरं. दिवाळी झाली की माझा बा मेंढरं घेऊन गंगेकडं उतरायचा. गंगा म्हणजे आमची गोदावरी. गंगाखेडच्या बाजूनं ऊस तुटायला लागला की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चरायला मिळायचं, कास्तकार खतासाठी वावरात मेंढरं बसवून घ्यायचे. त्या दिवशी तो निघाला होता, आणि वाटेत शाळेचं मैदान लागत होतं.

गुरुजी म्हणाले, "ऊठ गं. तुझं खानदान आलंय बघ मैदानात. जा, हाकल."

वर्ग असाच हसला. आधी पुढचे, मग मागचे.

मी उठले. गेले. सगळी पोरं खिडकीला. मी अनवाणी धावत मेंढरं हाकलायला लागले. बानं मला लांबून पाहिलं. त्याला वाटलं, शाळा सुटली आणि लेक भेटायला पळत आली. त्याचं तोंड असं उजळलं. त्यानं घोंगड्यातून बोरं काढली, माझ्या ओंजळीत घातली. "आलीस व्हय माय," म्हणाला.

मी त्याला सांगितलं नाही, मला कशाला पाठवलंय ते. बोरं घेतली. वर्गात परत आले. बोरं दप्तरात लपवली. मला बाची लाज वाटली. ही गोष्ट मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. अपमान गुरुजींनी केला आणि लाज मला बाची वाटली. असं करतात ते आपलं.

कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी मी ट्रे खिडकीत ठेवला आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. विभागप्रमुख सरांनी पाहिलं. मी वही उघडली. ते पुन्हा पाहायला लागले. मी लिहायला लागले. त्या दिवशी पाणी कुणी वाटलं मला माहीत नाही.

तीन दिवसांत जे शिकता येईल ते शिकले. बाकीचं घरी. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅपटॉप जुना, मध्येच बंद पडायचा. एक नकाशा नीट बसवायला पहिल्यांदा मला आठ दिवस लागले. पण बसला तेव्हा मी एकटीच खोलीत उभी राहिले. कारण मला कळलं होतं की हे रंग भरणारी मीही होऊ शकते.

आता आमच्याकडं समाजशास्त्र कसं शिकवतात ते सांगते. नोट्स. सर सांगतात, पोरं लिहून घेतात. जातिव्यवस्थेची वैशिष्ट्ये लिहा. पोरं लिहितात, 'पूर्वी गावात जातीनुसार वस्त्या वेगळ्या असत.' असत! लिहिणारी पोरगी स्वतः वेशीबाहेरून एसटीनं येते. तिच्या घरापासून मारुतीचा पार किती लांब हे तिच्या पायाला माहीत. आणि ती भूतकाळात लिहिते, कारण पुस्तकात तसं आहे. त्याला मार्क मिळतात.

मी ते बंद केलं. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला म्हणाले, "वह्या ठेवा. मोबाईल काढा."

पोरं खूश झाली. त्यांना वाटलं मजा. मी त्यांना सांगितलं, आपापल्या गावात जा. टाकी कुठं आहे ते धरा. नळ कुठून कुठपर्यंत जातो ते चालून धरा. रेशनचं दुकान, अंगणवाडी, मसणवाटा. कोणत्या आळीत कोण राहतं. आणि प्रत्येक घराला एकच विचारा, शेवटचं पाणी कधी आलं.

महिनाभरानं आम्ही सगळं एकावर एक ठेवलं. माझ्या वर्गात अनिता नावाची पोरगी होती. गंगाखेड तालुक्यातली. आई-बाप ऊसतोडीला जाणारे. तिनं एक जास्तीचं काम केलं होतं. ज्या घरांना कुलूप होतं तिथं काळा ठिपका दिला होता. कारखाने सुरू झाले होते, लोक कोयते घेऊन निघून गेलेले. पडद्यावर तिचं गाव उघडलं आणि ती बघत राहिली.

"मॅडम, आमची गल्ली अख्खी काळी झाली."

मग मी त्यावर नळाची रेघ ठेवली. निळी रेघ टाकीपासून निघाली, पाटलाच्या आळीतनं आली, पारापाशी आली, आणि पहिल्या काळ्या ठिपक्याच्या अलीकडं संपली. त्याच गावचा एक पोरगा मागं बसायचा, पाराजवळच्या घरातला. तो म्हणाला, "मला वाटलं सगळ्यांकडंच पाणी येतं."

वीस वर्षांचा होता. वीस वर्षं त्याच गावात राहिला होता.

अनिता मागं वळली. "तुमच्या गोठ्यात नळ हाय. माझी माय तितनं पाणी मागून आणायची. तू दिलंयस कितीदा. आता म्हनतोस वाटलं?"

त्या तासाला मी जन्मात पहिल्यांदा समाजशास्त्र शिकवलं.

विभागप्रमुख सरांनी मला बोलावून घेतलं. "हे तलाठ्याचं काम आहे मॅडम. आपण सिद्धांत शिकवतो. आणि जातीचे रंग भरून वर्गात भांडणं लावू नका. अभ्यासक्रम पूर्ण करा."

मी म्हणाले, "सर, रंग मी भरले नाहीत. घरं तिथंच आहेत."

"युक्तिवाद नको."

ते माझे पीएचडीचे गाईडही होते. विषय मेंढपाळांचं स्थलांतर. प्रश्नावली भरून आणा, टक्केवारी काढा, असं त्यांचं म्हणणं. मला बाच्या वाटा नकाशावर हव्या होत्या. कुठल्या पांदणीनं तो उतरतो, कुठलं गायरान आता उरलं नाही, कुठं पाणी तुटलं. ते म्हणायचे, हे काही संशोधन नाही.

आणि चार महिन्यांनी तेच संशोधन झालं. कॉलेजात 'नकाशा प्रयोगशाळा' निघाली. संस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापली. पेपरात सरांचा फोटो आला, समाजशास्त्राला नव्या तंत्राची जोड देणारे प्राध्यापक म्हणून. फोटोत त्यांच्या मागं भिंतीवर एक नकाशा होता. काळे ठिपके. निळी रेघ. अनिताचा नकाशा. तिचं नाव कुठंच नव्हतं. मीच तिला तो पेपर दाखवला. ती म्हणाली, "मॅडम, गावाचं नावबी काढून टाकलंय की."

प्रयोगशाळेला पहिलं काम मिळालं ते माझ्याच गावचं. विकास आराखडा. अध्यक्ष आमच्याच गावचे. गावाच्या शिवारात सौरऊर्जेची एक कंपनी येणार होती, तिला जागा पाहिजे होती. मोकळी, सलग, कुणाची नसलेली. कॉलेजनं अहवाल द्यायचा, त्यात नकाशे, आणि तो ग्रामसभेपुढं ठेवायचा.

सर मला म्हणाले, "तुम्ही तिथल्याच. प्रत्यक्ष पडताळणी तुम्ही करा." आवाज एकदम गोड.

मला खरंच वाटलं की बरं झालं. आता आमची वस्ती नकाशात येईल. माझ्याच हातानं येईल. इतकी मूर्ख होते मी.

मी बाला घेऊन निघाले. बा आता थकलाय, मेंढरं थोडी उरलीत, पण चालतो माझ्यापेक्षा जोरात. मी मागून मोबाईल धरून.

"हे काय करायलीस?" त्यानं विचारलं.

"आपली वस्ती नकाशात घालायलेय, बा."

"कामून? आपून हितं हावच की."

"त्यांला दिसत न्हाई."

बा थांबला. वळून माझ्याकडं बघितलं. "मंग त्यांच्या डोळ्याला काय झालं?"

आम्ही घरं धरली. एकेक उंबरा. देऊळ, शाळा, आड, वाडगे. मग बा मला गायरानाच्या कडेला घेऊन गेला. बोरीच्या झुडपात वाकला आणि काठीनं गवत बाजूला सारलं. आत एक धोंडा रोवलेला.

"हा हद्दीचा. ह्याच्या अलीकडं समदं गायरान. मी लहान होतो तवा हितवर मेंढरं चरायची."

धोंड्याच्या अलीकडं वेचून झालेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. लांबपर्यंत. ते वावर अध्यक्षांच्या सख्ख्या भावाचं. बा पुढं चालत गेला, कापसातून, दुसरा धोंडा दाखवला, तिसरा दाखवला. मी तिन्ही धरले. घरी येऊन जुना सरकारी नकाशा खाली ठेवला आणि त्यावर बाचे धोंडे ठेवले. बरोबर हद्दीवर बसले. ज्या माणसाला सही येत नाही त्याची हद्द सरकारी नकाशाशी जुळली.

कापूस धोंड्यांच्या आत कितीतरी लांब घुसलेला होता. आणि कार्यशाळेतल्या नकाशात तो हिरवा होता. शेती. त्यांचं अतिक्रमण हिरवं. आमचं घर पिवळं.

मी सगळं नीट करून सरांना दिलं. घरं लाल. गायरान वेगळ्या रंगात. कापूस जिथं घुसला तिथं आडव्या रेघा.

चार दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अहवाल तयार होता. नकाशाचं पान उघडून ठेवलेलं. पिवळं तसंच होतं. रेघा गेलेल्या. खाली छापलं होतं, 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर क्षेत्रात मानवी वस्ती आढळून आली नाही.' आणि त्याखाली माझं नाव. नावापुढं मोकळी जागा.

"इथं सही करा," सर म्हणाले.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. मग म्हणाले, "सर, हितं माझं घर हाय."

"कच्ची बांधकामं धरत नाहीत मॅडम. आणि घर कसलं? कागदावर ते गायरानातलं अतिक्रमण आहे."

"मग कापूस काय हाय?"

सरांचा चेहरा बदलला. त्यांनी खुर्ची मागं सारली. "तुमच्या लोकांचं कसं आहे, आज इथं, उद्या तिथं. हाकललं की निघालं. त्यांना कुठंही जागा मिळेल. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजून घ्या."

हाकललं की निघालं.

मला वाटलं टेबल उलथून टाकावं. मी टाकलं नाही. टाकलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं, बघा, शेवटी जातीवर गेली. मी पेन उचलला. सरांना वाटलं मी सही करतेय. ते थोडे मागं टेकले. मी त्या वाक्यातल्या 'नाही' वर काट मारली. एकदा. मग परत एकदा, कागद फाटेपर्यंत. पेन ठेवला.

"सही करणार न्हाई."

"पीएचडी करायचीय ना?"

"करायचीय. ह्याच्यावरच करते."

मी दार उघडून बाहेर आले. खोटं कशाला सांगू? व्हरांड्यात जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. घरी मायला काय सांगायचं, एवढंच डोक्यात.

अहवालावर सही झाली. त्या दुसऱ्या तासिकेवरच्या सरांनी केली, जे खुर्चीवर बसून लिहीत होते. ते आमच्या वस्तीत कधी आलेलेसुद्धा नाहीत. मला पार्किंगमध्ये भेटले. "मॅडम, माफ करा. मला दोन लेकरं आहेत."

"आमच्या वस्तीत लेकरं न्हाईत का?" मी म्हणाले. ते खाली बघत गाडी काढून निघून गेले. मला त्यांचा राग आला. अजून आहे. त्यांची अडचण मला कळते आणि तरी राग आहे. दोन्ही एकदम असू शकतं.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी परभणीला जाऊन माझा नकाशा मोठ्या फ्लेक्सवर छापून आणला. वस्तीतली माणसं ग्रामसभेला कधी जात नसत. गेली तरी चपलांजवळ बसायची. मी घरोघर फिरले. लोक म्हणाले, "आपलं कोन ऐकतंय तितं?" मी म्हणाले, "ऐकू नका म्हणावं. निस्तं या." आले. बायकाही आल्या. माझी मायही आली, आयुष्यात पहिल्यांदा.

सभा ग्रामपंचायतीपुढच्या मांडवात होती. आधी सरांनी अहवाल वाचला. पुढं अध्यक्ष बसलेले. वाचून झाल्यावर सरपंच म्हणाले, "कुणाची हरकत नसंल तर ठराव मंजूर."

मी उठले. "हरकत हाय."

वस्तीतल्या दोघांनी फ्लेक्स उलगडून धरला. मी बोलले. आमच्याच बोलीत बोलले, मुद्दाम. घरं दाखवली. धोंडे दाखवले. कापूस दाखवला. कापसावर बोट ठेवलं तशी पुढच्या खुर्च्यांत चुळबुळ झाली. कुणीतरी ओरडलं, "ह्याच्यावर सरकारी शिक्का कुठाय?"

"शिक्का न्हाई. चालून काढलाय. कुणाला खोटा वाटत असंल त्यानं आत्ता माझ्यासंगं चलावं. धोंडा दाखवते."

कुणी उठलं नाही.

सर उभे राहिले. सभेला म्हणाले, "ह्या आमच्याकडं तात्पुरत्या शिकवतात. संशोधनाची शिस्त अजून आलेली नाही. भावनेच्या भरात आहेत."

तेव्हा माय उठली. पदर खोचला आणि बायकांतून वाट काढत थेट फ्लेक्सपाशी आली. "माझं घर दाव गं कुठाय." मी दाखवलं. तिनं त्या लाल चौकोनावर बोट टेकवलं आणि सरपंचाकडं तोंड केलं.

"हितं ऱ्हाते मी. लगीन होऊन आले तवापासून. मतं मागायला येता तवा कसं बराबर सापडतं तुमाला?"

मांडव हसला. पण ह्या वेळी मागचे आधी हसले. पुढच्या रांगेत कुणी हसलं नाही.

ठराव झाला नाही. रद्दही झाला नाही. पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. म्हणजे लोक ऊसतोडीला, मेंढरांमागं गेले की घेतील. मला ठाऊक आहे. वस्ती रिकामी असताना सभा लावायची आणि परत लिहायचं, कुणी आढळलं नाही.

त्यानंतर जून आला. वेळापत्रक लागलं. माझं नाव नव्हतं. विचारलं तर म्हणाले, विद्यार्थीसंख्या कमी. गाईड म्हणून सरांनी विद्यापीठाला लिहिलं की माझी प्रगती असमाधानकारक आहे. कॉलेजातल्या एका शिपाईकाकांनी मला फोन करून सांगितलं की प्रयोगशाळेतल्या कंप्युटरवरनं माझं सगळं काम पुसून टाकलंय. पुसू दे. ते माझ्याकडं चार ठिकाणी आहे.

मध्यंतरी अध्यक्षांचा निरोप आला. माणूस घरी पाठवला होता, पाथरीकडचे आमचेच एक पाहुणे. चहा पिऊन झाल्यावर बोलले. "ताई, एक माफीचं पत्र द्या. गैरसमजातून बोलले म्हणून लिहा. पुढच्या वर्षी तासिका देतो म्हणालेत. गाईडचंबी मिटवतो म्हणालेत. तुमचं शिक्षण वाया जाऊ नये एवढंच वाटतं."

आपल्याच माणसाच्या तोंडून. त्यांना बरोबर माहीत असतं कुणाला पाठवायचं.

बा उंबऱ्यात बसून ऐकत होता. मला वाटलं तो म्हणेल, दे लिहून. सगळं आयुष्य त्यानं असंच काढलंय, मान खाली घालून, मालक म्हणत. तो माझ्याकडं बघत राहिला. मीच बोलले.

"त्यांला सांगा, पत्र मिळणार न्हाई. तासिका नको. आणि माझं शिक्षण वाया गेलं असतं, मी सही केली असती तर."

पाहुणे उठून गेले. माय म्हणाली, "चांगलं झालं. चहाचा गूळ संपलाच व्हता." मी हसले नाही. मला हसायला येत नाही अलीकडं. काही दिवस सकाळी उठवत नाही. कधी वाटतं, त्या दिवशी ट्रे धरून गप्प उभी राहिले असते तर आज कॉलेजात असते. मग वाटतं, असते, आणि त्या कागदावर माझीच सही असती.

अनिता येते. तिच्यासोबत अजून दोघी. आम्ही आता आजूबाजूच्या गावांतून चालतोय. परीक्षेसाठी नाही. कुणी सांगितलंय म्हणून नाही. कारखाने सुरू व्हायच्या आत, लोक घरी असताना, प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक घराची नोंद करायची. तारीख, फोटो, घरातल्या माणसाचा आवाज. नंतर कुणी म्हणायला नको, इथं कुणी नव्हतं. जिथं जातो तिथं अजून एक गायरान सापडतं, त्यात घुसलेलं अजून एक हिरवंगार वावर सापडतं. हे एका गावाचं नाही, हे मला आता कळलंय. आणि हे ज्यानं बघितलं नाही त्यानं समाजशास्त्र शिकवू नये.

गाईड बदलायचा अर्ज मी दिलाय. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याला विचारलंय. तिघांनी नाही म्हटलं तर चौथ्याला विचारीन. विषय बदलणार नाही. जिल्हा बदलणार नाही. गावांची नावं खोडणार नाही. प्रबंधात पहिल्या पानावर बाचं नाव घालणार आहे. आभारात नाही. माहिती कुणी दिली, हद्द कुणी दाखवली, तिथं.

ठराव झालेला नसताना त्यांचा अहवाल पुढं निघालाय. तहसीलात जाईल, तिथून जिल्ह्याला जाईल, कंपनीकडं जाईल. तो ज्या टेबलावर जाईल त्या टेबलावर माझा नकाशा जाईल. पोस्टानं पाठवणार नाही. हातानं नेणार आहे. साहेब नाहीत म्हणाले तर बसून राहीन. आणि घेतल्याची पोच मिळाल्याशिवाय तिथून हलणार नाही.